आन्सेल्मला रडवलं तेव्हापासून

आन्सेल्म सिनेमावाल्यांना सापडला तो चिखलात. खरं तर चिखलात अडकली होती सिनेमावाली बाई, आणि तिला बाहेर काढायला गेला होता आन्सेल्म. पण पेपरांनी उलटंच छापलं. म्हणे पॅरिसच्या दिग्दर्शकाने अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या चिखलातून हिरा उचलला. आमच्या मारेनच्या खाडीत हिरे मिळत नाहीत. कालवं मिळतात, आणि तीही कंबर मोडल्याशिवाय मिळत नाहीत.

मी ओदील, त्याची मावसबहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. त्याची आई, माझी लेओनीमावशी, काळजाच्या दुखण्याने वरचेवर इस्पितळात असायची. त्यामुळे आन्सेल्म जेवायला, झोपायला आणि मार खायलाही आमच्याकडेच. १९५८ साली तो नऊ वर्षांचा होता.

त्या दिवशी ओहोटी होती. माझी आई, मी आणि आन्सेल्म खोपटाच्या दारात कालवं निवडत बसलो होतो, तेवढ्यात खालून किंकाळी आली. एक शहरी बाई, गळ्यात कॅमेरा, पायात टाचांचे बूट, खाजणात गुडघ्यापर्यंत रुतलेली. वरून वाळलेलं दिसतंय म्हणजे जमीनच आहे, असं तिला वाटलं असणार.

"आली आणखी एक पाहुणी," आई म्हणाली. "जा रे, काढ तिला. नाहीतर उद्या पेपरात आपल्या गावाचं नाव यायचं."

आन्सेल्मने फळी उचलली, चिखलावर टाकली आणि तिच्यावर पालथा पडून सरपटत निघाला. मी मागून दुसरी फळी घेऊन गेले.

"बाई, हातपाय मारू नका. जेवढे माराल तेवढ्या आत जाल."

"अरे, मी बुडणार का?"

"आत्ता नाही. भरती आली की बुडाल."

"भरती कधी येते?"

"जेवणं झाल्यावर."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. आन्सेल्मने तिच्या पायाभोवतीचा चिखल हाताने उकरायला घेतला. म्हणाला, "बूट सोडा."

"महागाचे आहेत रे!"

"मग बुटांबरोबर राहा."

बाई हसत सुटली. अनवाणी, पोटापर्यंत काळी होऊन फळीवर बसली आणि हसता हसता आन्सेल्मकडे बघत राहिली. तो मात्र हसत नव्हता. त्याची ती सवयच होती. समोरच्याकडे असं टक लावून बघायचा की माणसाला आपण काहीतरी विसरलोय असं वाटावं.

तिचं नाव ज्युदित. दोर्वाल नावाच्या मोठ्या दिग्दर्शकाची ती मदतनीस होती. त्याच्या सिनेमासाठी ती कितीतरी दिवस किनाऱ्यावरच्या शाळा पालथ्या घालत होती, आणि जो तो मुलगा छाती काढून कविता म्हणून दाखवत होता. दुसऱ्याच दिवशी ती दोर्वालला घेऊन आली. उंच, सडपातळ माणूस, गळ्यात करडा मफलर. आवाज इतका हळू की ऐकायला आपल्याला जवळ जावंच लागायचं.

आन्सेल्मचे वडील, गास्तोंकाका, होडीवरून उतरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिनेमात? हा? याच्या तोंडातून साधा नमस्कार काढायला चिमटा लागतो, साहेब."

"बोलणारी पोरं ढीगभर आहेत," दोर्वाल म्हणाला. "मला बघणारा हवाय."

काकांना यातलं काही कळलं नाही. पण रविवारी बोर्दोच्या इस्पितळात त्यांनी लेओनीमावशीला सांगितलं, तर ती उशीवर उठून बसली. "माझं पिल्लू पडद्यावर दिसणार? मग मला इथून बाहेर पडलंच पाहिजे!" तिच्या गालावर रंग आला तो बघून काकांनी होकार दिला. दुसरं काहीच कारण नव्हतं.

उन्हाळाभर आमच्या धक्क्यावर सिनेमा चालला. गोष्ट साधी होती. एका कोळ्याचा मुलगा, बाप समुद्रावर जातो तो परत येत नाही. आन्सेल्मला फारसं बोलायचं नव्हतं. जाळी ओढायची, वाट बघायची, घरात एकट्याने सूप प्यायचं. ते सगळं तो असं करायचा की दोर्वाल ज्युदितच्या दंडाला धरून नुसता "बघ, बघ" म्हणायचा. गावातली माणसं मागे उभी राहून टोमणे मारायची. "आम्ही रोज हेच करतो, आमचा फोटो काढायला कोणी आलं नाही ते!"

राहिला शेवटचा प्रसंग. बाप येणार नाही हे मुलाला धक्क्यावर कोणीतरी सांगतं आणि तो रडतो. आन्सेल्मला रडता येईना. कांदा झाला. डोळ्यांत कसलंसं औषध घालून झालं. दोर्वालने त्याला समजावलं, "समज, तुझे बाबा बुडाले." आन्सेल्मने धक्क्याच्या टोकाकडे बघितलं. काका तिथे विडी ओढत उभे होते. तो म्हणाला, "ते काय, तिथे आहेत की."

सगळे हसले. दोर्वाल हसला नाही. ऊन उतरत होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या लोकांना परत जायचं होतं.

मग दोर्वालने काकांना काहीतरी सामान आणायला गावात पाठवलं. आन्सेल्मच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खोपटामागे नेलं. मी आणि आई जवळच घोंगडी घेऊन उभ्या होतो, कारण वारा सुटला होता आणि पोराच्या अंगात पातळ सदरा होता. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. त्याचा आवाजच तसा. पण आन्सेल्म खोपटामागून बाहेर आला तेव्हा कॅमेरा आधीच चालू होता.

तो चार पावलं चालला आणि थांबला. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मग त्याने दोन्ही हातांनी स्वतःचा सदरा पोटाशी गच्च धरला आणि तो जो रडायला लागला, ते मी आजही सांगू शकत नाही. एक टोमणेबाज म्हातारा होता आमच्याकडे, त्याने टोपी काढली.

"काय काम करतोय ग पोरगा!" मी आईच्या कानात म्हटलं.

दोर्वालने हात वर केला, कॅमेरा थांबला, टाळ्या पडल्या. आन्सेल्म त्या टाळ्यांमधून सरळ आमच्याकडे आला. हुंदक्यांत त्याने माझ्या आईला विचारलं, "मावशी, आईला आणायला बाबा गेलेत का?"

आईला क्षणभर उमगलंच नाही. मग उमगलं. तिच्या हातातली घोंगडी खाली पडली. ती दोर्वालसमोर जाऊन उभी राहिली.

"काय सांगितलंत त्याला?"

"बाई, शांत व्हा. आत्ता सांगतो त्याला खरं." आणि तो वाकून आन्सेल्मला म्हणाला, "तुझी आई ठणठणीत आहे रे! गंमत केली. बघ, किती छान रडलास."

"ही गंमत तुमच्या स्वतःच्या आईवरून करायची होती," माझी आई म्हणाली. "बहीण माझी तिकडे मरणाशी झगडतेय, आणि तुम्ही तिला इथे मारून टाकलीत? चार टाळ्यांसाठी?"

ज्युदित मान खाली घालून कागद गोळा करत राहिली. कोणीतरी आन्सेल्मला चॉकलेट दिलं. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते, पाठ थोपटत होते, म्हणून तोही हसला. नाकातून वाहत होतं आणि हसत होता.

काका परत आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं. ते ओरडतील, मारामारी करतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त आन्सेल्मचं बखोट धरलं आणि घरी नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने, कामाचा दिवस असून, ते त्याला बोर्दोला घेऊन गेले. भेटीची वेळ संपेपर्यंत आन्सेल्म आईच्या पलंगावर बसून होता. तिच्या लोकरी जाकिटाची बाही त्याने मुठीत धरून ठेवली होती.

"काय झालं रे पिल्लू?" मावशीने विचारलं.

"काही नाही. बघायला आलो."

तिला कोणी काही सांगितलं नाही.

सिनेमा खूप चालला. त्याचं नाव लांबलचक होतं, आमच्याकडे सगळे नुसतं 'आपला सिनेमा' म्हणायचे. बक्षिसं मिळाली. पोटाशी सदरा धरून रडणारा आन्सेल्म भिंतीभिंतींवर चिकटला. पुढच्या वसंतात लेओनीमावशीला बरं वाटू लागलं आणि ती घरी आली. आम्ही सगळे तिला मारेनच्या थेटरात घेऊन गेलो. धक्क्यावरचा प्रसंग आला तेव्हा तिने अंधारात आन्सेल्मचा हात धरला आणि स्वतःही रडली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "कसं रे जमलं तुला? मला तर वाटलं खरंच काही झालंय."

"असंच," तो म्हणाला.

माझ्या आईने तोंड फिरवलं आणि रुमाल शोधायला लागली.

दोर्वालने त्याला दुसऱ्या सिनेमासाठी पॅरिसला बोलावलं, तेव्हा आन्सेल्म अकरा वर्षांचा होता. काका नको म्हणत होते. पण मावशीला अभिमान होता, आणि पोराला शाळेत तसंही कोणी सुखाने बसू देत नव्हतं. पोरं त्याला गाठून चिमटे काढायची. "रड ना रे, रडून दाखव!" तो गेला. तिथे ज्युदित त्याला सांभाळायची. तिने त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं होतं.

फेब्रुवारीत लेओनीमावशी गेली. सकाळी चुलीपाशी कॉफी गाळत होती, खुर्चीवर बसली आणि उठलीच नाही. काकांनी टपालकचेरीतून स्टुडिओत फोन लावला. आन्सेल्मला सांगायचं काम ज्युदितवर आलं. ते कसं झालं, हे तिने पुढे स्वतः मला सांगितलं. तिने त्याला कोपऱ्यात नेलं, गुडघ्यांवर बसली, त्याचे हात हातात घेतले आणि सांगितलं. आन्सेल्मने नीट ऐकून घेतलं. मग मान वळवून दिवे कुठे लागलेत ते बघितलं आणि विचारलं, "कुठे उभं राहू?"

"नाही रे राजा. हे खरं आहे."

"बरं," तो म्हणाला आणि जमिनीवर नटासाठी खडूची जी खूण असते तिच्यावर जाऊन उभा राहिला.

ज्युदित त्याला घेऊन गाडीने आली. पूर्ण वाटेत त्याने तिला एकदाही काही विचारलं नाही. चर्चमध्ये, मग स्मशानात, तो काकांच्या शेजारी ताठ उभा होता. पेटी खाली सोडली तरी डोळ्यांत पाणी नाही. त्याची नजर माणसांच्या डोक्यांवरून, झाडांत, थडग्यांच्या मागे भिरभिरत होती. सगळ्यांनी ते बघितलं.

संध्याकाळी कॅफेत बोलणं सुरू झालं. "पडद्यावर धो धो रडतो, आणि आईच्या मातीला एक टिपूस नाही." "पॅरिसने खाल्लं पोराला." "आता मोठा माणूस झाला, फुकट कशाला रडेल?"

काका दाराशी उभे होते हे त्यांना दिसलं नव्हतं. काका आत आले. मोठ्याने बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, "माझ्या पोराने तिच्यासाठीचं रडणं आधीच देऊन टाकलंय. तुम्ही सगळ्यांनी तिकीट काढून बघितलंय ते." आणि न पिताच निघून गेले.

त्या दिवशी तो काय बघत होता, हे आन्सेल्मने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात सूप पीत बसला होता. सहज बोलावं तसं म्हणाला, "कॅमेरा कुठे लपवलाय ते शोधत होतो, ओदील. मला वाटलं, सापडला की सगळं थांबेल आणि आई येऊन चॉकलेट देईल."

त्यानंतर त्याची नटाची कारकीर्द चालू राहिली, म्हणजे लोक जिला कारकीर्द म्हणतात ती. दोर्वालचा दुसरा सिनेमा पडला. आणखी दोन-तीन दिग्दर्शकांनी त्याला घेतलं. सगळ्यांना तेच रडणं हवं होतं, आणि ते काही आलं नाही. डोळ्यांत औषध घालून काढलेलं पाणी पडद्यावर औषधासारखंच दिसतं. पंधराव्या वर्षी त्याचा आवाज फुटला, नाक मोठं झालं, आणि पेपरांनी लिहिलं की लहानपणीची जादू ओसरली. तो शिकायला परत येईल असं काकांना वाटत होतं. पण दुसरं काही त्याला येतही नव्हतं, आणि गावात तोंड दाखवायची त्याला इच्छा नव्हती. लष्करातली सक्तीची नोकरी करून आला तो पुन्हा पॅरिसलाच गेला. मग वर्षानुवर्षं वेटर, हवालदार, तिसरा शिपाई अशी मिनिटभराची कामं. आम्ही सिनेमा बघायला जायचो तेव्हा आई म्हणायची, "डोळे मिचकावू नकोस ग, निघून जाईल तो."

पुढे त्याला आवाज द्यायचं काम मिळालं. परदेशी सिनेमातल्या नटांना फ्रेंचमध्ये बोलतं करायचं. त्यात तो चांगलाच रुळला. अंधाऱ्या खोलीत उभं राहायचं, दुसऱ्याच्या ओठांकडे बघून बोलायचं. त्याला ते आवडायचं, कारण तिथे त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. एका कपडे शिवणाऱ्या बाईबरोबर, आन्येसबरोबर, तो बरीच वर्षं राहिला. भली बाई होती, दोनदा आमच्याकडेही आली होती. ती सोडून गेली तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ओदील, मी त्याला काहीही सांगितलं ना, आनंदाचं किंवा दुःखाचं, की तो आधी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतो. खरं आहे का ते तपासतो. माझा बाप वारला तेव्हासुद्धा असाच बघत राहिला. मी थकले ग."

चाळिशीच्या आसपास त्याला ते काम मिळालं, जे खरं त्याचं होतं. सिनेमात मुलं असली की त्यांना सांभाळायला, शिकवायला एक माणूस ठेवतात. ज्युदितने त्याचं नाव सुचवलं. आन्सेल्म मुलांबरोबर जमिनीवर बसायचा, पत्ते खेळायचा, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचा. मी एकदा पॅरिसला गेले होते तेव्हा स्वतः ऐकलं. "हे बघ, इथे सगळे खोटं खोटं बोलतात, तेच त्यांचं काम आहे. पण तुझ्या घरचं काही असेल, तर ते फक्त मी सांगणार. आणि मी तुला कधीच खोटं सांगणार नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं तर माझ्याकडे यायचं." मुलं त्याला चिकटून असायची. ती वर्षं त्याची बरी गेली. तो लठ्ठ झाला होता, विनोद करायला लागला होता.

मग एका सिनेमात सात वर्षांची एक मुलगी होती, मारिएल. दिग्दर्शक तरुण होता, नाव सांगण्याइतका मोठा नव्हता आणि पुढे झालाही नाही. मारिएलला रडायचं होतं, तिला जमेना. आन्सेल्म तिचा खाऊ आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा कॅमेरा चालू होता आणि मारिएल हमसून हमसून रडत होती, "आजोबा, आजोबा" करत. आन्सेल्म कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेला, तिला उचललं आणि सर्वांदेखत म्हणाला, "तुझे आजोबा घरी आहेत. आत्ता फोन लावू. तू स्वतः बोल."

"तुम्ही माझा सीन घालवलात!" दिग्दर्शक ओरडला. "आणि तुम्ही? तुम्हाला अख्खा देश कशामुळे ओळखतो? याच्यामुळेच ना?"

आन्सेल्म उत्तर द्यायला थांबला नाही. त्याने ऑफिसातून फोन लावला, आजोबा लायनीवर येईपर्यंत मुलीला कडेवर धरून ठेवलं. "खोकतायत," ती म्हणाली, "आजोबाच आहेत." मग तिला आईच्या स्वाधीन केलं आणि कोट घेऊन निघाला. त्याला काढून टाकलं हे सांगायचीही वेळ कोणावर आली नाही. पण त्यानंतर त्याला कोणी बोलावलं नाही. आवाजाचं कामसुद्धा हळूहळू बंद झालं. वेडगळ आहे, ऐन वेळी घोटाळा करतो, अशी बोलवा झाली.

तो परत आला. काका तेव्हा ऐंशीला टेकले होते, एकटेच खोपट चालवत होते. आन्सेल्म येऊन उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "रबरी बूट दाराशी आहेत," आणि त्याला होडीत घेऊन गेले. दोघं रोज ओहोटीला बाहेर पडायचे. बोलणं नाहीच. एकदा मी त्यांच्यासाठी पांढऱ्या घेवड्याची भाजी घेऊन गेले होते, तेव्हा खोपटात काका अचानक बोलायला लागले. हात कालवांवर चालू, नजर खाली.

"त्या दिवशी त्याने मला गावात पाठवलं. मी गेलो. तो म्हणाला आणि मी गेलो."

"बाबा, तुम्हाला काय माहीत होतं?"

"बाप होतो. जायला नको होतं."

"दुसऱ्या दिवशी बोर्दोला नेलंत ना मला."

आन्सेल्मने एक कालव उघडलं आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं. ते त्यांनी खाल्लं. एवढंच.

काका गेले ते त्याच खोपटात, खुर्चीत बसल्या बसल्या. मी दुपारी गेले तर आन्सेल्म त्यांचा हात धरून शेजारी बसला होता. हात थंडगार पडलेला. त्याने डॉक्टरला बोलावलं नव्हतं, मलाही हाक मारली नव्हती.

"कधी झालं रे?"

"सकाळी."

"आणि तू तेव्हापासून असाच बसलायस?"

"खात्री करत होतो," तो म्हणाला.

दोन वर्षांनी ज्युदितचा फोन आला. दोर्वाल खूप आजारी होता आणि आन्सेल्मची आठवण काढत होता. मी म्हटलं, एकटा जाऊ नकोस, मी येते. पॅरिसबाहेर मोठं घर होतं त्याचं, बागेत त्याला चाकाच्या खुर्चीवर बसवलेलं. केस गेलेले, अंगावर शाल. आवाज मात्र तोच. आन्सेल्मला खाली वाकावं लागलं.

"आलास. माझा सर्वांत गुणी नट."

"धक्क्यावरच्या प्रसंगाआधी तुम्ही मला खोपटामागे नेलं होतं," आन्सेल्म म्हणाला. "काय सांगितलं होतं, आठवतं?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता तो. नाटक नव्हतं, मी जवळून बघितलं. "काय बरं... वाऱ्याकडे तोंड कर म्हणालो असेन. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं. बाकी तुला आपोआपच यायचं रे. देणगी होती तुझी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर आन्सेल्मने माझ्या हातावर हात ठेवला.

"हो," तो दोर्वालला म्हणाला. "तेच म्हणालात. वाऱ्याकडे तोंड कर."

त्याने घसरलेली शाल म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर नीट सारखी केली आणि आम्ही निघालो. गाडीत मी त्याला फाडून खाल्लं. "का नाही सांगितलंस? मरायच्या आधी कळू दे की त्याला! चाळीस वर्षं तू ते वागवलंस, त्याने एक दिवस वागवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "सांगितलं असतं तर तो रडला असता ग. आणि मी बघत बसलो असतो, खरं रडतोय की नाही ते."

दोर्वाल त्याच हिवाळ्यात गेला. टीव्हीवाल्यांनी आन्सेल्मला चार शब्द बोलायला बोलावलं, त्याने नाही म्हणून सांगितलं. नंतरची दहा-अकरा वर्षं त्याने कालवंच केली. त्याची कालवं चांगली असायची, बारीक पण भरलेली. नाताळच्या आधी सेंतहून लोक मुद्दाम यायचे. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायचा. माझ्या नातवंडांना तो आवडायचा. ती त्याला काहीही विचारायची आणि तो खरं तेच सांगायचा, अगदी नको इतकं खरं. पोरीचं चित्र वाईट असेल तर वाईट म्हणायचा. माझी सून चिडायची, पोरी मात्र प्रत्येक चित्र घेऊन आधी त्याच्याकडेच पळायच्या.

फुप्फुसाचा आजार निघाला तेव्हा डॉक्टर आडूनआडून बोलत होता. आन्सेल्म म्हणाला, "सरळ सांगा." त्याने सरळ सांगितलं. या वेळी आन्सेल्मने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं नाही. कोट चढवला आणि मला म्हणाला, "चल, पाणी उतरलं असेल, कालवांची पोती उलटायची राहिलीत."

ऑक्टोबरात तो गेला. आमच्याच घरी, दुपारच्या वेळी, मी आणि माझी धाकटी नात शेजारी होतो. मातीला ज्युदित आली होती, काठी टेकत, नव्वदीची. मारिएलचं काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं. पॅरिसहून कोणीसं मोठं फुलांचं चक्र पाठवलं होतं. त्यावर सिनेमाचं नाव होतं, त्याचं नव्हतं.

लेओनीमावशीच्या शेजारची जागा काकांनी घेतली होती, पलीकडे भिंत. म्हणून आन्सेल्मला मागच्या ओळीत जागा मिळाली, एका जुन्या मीठवाल्याच्या बाजूला, ज्याला त्याने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. खोपट पुढे एका लियोंच्या जोडप्याने घेतलं. उन्हाळ्यात येतात, दारं निळी रंगवलीत त्यांनी, भली माणसं आहेत. इथे पूर्वी कोण राहायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी कालवांचं काम करणारे बापलेक राहायचे एवढंच सांगितलं.